डार्करूममधला फायरवॉल

गोष्ट भर दिवसाची आहे, हे आधीच सांगते. अशा गोष्टी रात्रीच घडतात असा नियम असेल, तर ही त्या नियमात बसत नाही. तशी मीही कुठल्याच नियमात बसत नाही, असं माझी ताई म्हणते.

ताई डोंगरातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात मुख्य नर्स आहे. मी नेटवर्कची कामं करते. मोठ्या शहरातल्या बाईला जे मिळतं ते इथल्या बाईला का मिळू नये, असं म्हणत मी सहा महिने तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या मागे लागले होते. अर्ज केले, भांडले, फायबरची नवी लाइन आणवली, नवाकोरा राउटर देणगीत मिळवला. त्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या हातांनी बसवला, जुनी लाइन कापून घेतली आणि व्हरांड्यात उभी राहून एक छोटं भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या.

दुपारी तीनला ताईची हाक आली. "वादळ, इकडे ये जरा. तुझ्या यंत्रातून माणसं दिसत नाहीयेत."

लहानपणापासून ती मला वादळच म्हणते.

वॉर्डातल्या टॅबवर चाचणीचा व्हिडिओ कॉल लावला होता. चेहऱ्याचे चौकोनी तुकडे व्हायचे, आवाज अर्ध्या शब्दावर तुटायचा, मग सगळं थिजायचं. गंमत म्हणजे छोटे निरोप जात होते. 'हॅलो' जायचं. फोटो नाही, आणि व्हिडिओ तर नाहीच.

चार नंबरच्या खाटेवर दोन दिवसांची बाळंतीण होती. कुशीत मुलगी, मुठी आवळून झोपलेली. बाप मालवाहू जहाजावर. जहाज त्या दिवशी साडेपाचला बंदर सोडणार होतं आणि पुढे चाळीस दिवस समुद्रात, ना फोन ना पत्र. त्याला बंदरावर कॉल करायला मिळणार होती पाच ते साडेपाच ही वेळ. लेकीला त्याने अजून पाहिलं नव्हतं.

"मोबाइलवरून लावता येणार नाही का गं?" बाळंतिणीने हळूच विचारलं.

"फाटकापाशी एक दांडी येते," ताई म्हणाली. "तीही वाऱ्याच्या मर्जीने."

खाटेशेजारी बसलेल्या सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काल मी जुन्या लाइनीवरून बहिणीशी बोलले. चांगली ठणठणीत दिसली. आज तू सुधारणा केलीस."

"होईल, आजी. पाचच्या आत करते."

"कर बाई. नाहीतर माझा लेक चाळीस दिवस नीट जेवायचा नाही, आणि तोवर मी तुला जेवू देणार नाही."

सगळ्या खाटा हसल्या. मीही हसले. माझ्या उत्साहापायी एक बाप लेकीला न बघता जाणार होता.

नेटवर्कची सगळी यंत्रं ठेवली होती जुन्या डार्करूममध्ये. पूर्वी तिथे एक्स-रेच्या फिल्म धुवायचे. खिडकी नाही, भिंती काळ्या रंगवलेल्या, छताला एकच लाल दिवा. दार लावलं की बाहेरची दुपार पुसून जायची. इतकी वर्षं झाली तरी फिल्म धुण्याच्या रसायनांचा आंबूस वास भिंतींतून गेलेला नव्हता. कोपऱ्यातल्या कपाटात माझा नवा राउटर हिरवा डोळा मिचकावत होता आणि त्याच्या खाली जुना फायरवॉल. माहितीचं आलंगेलं प्रत्येक पाकीट तपासणारा हा दारवान, गंजलेल्या पत्र्याचा, जड. त्याचा पंखा एकसारखा घुरघुरायचा. झोपलेल्या म्हाताऱ्यासारखा.

दोघांचं पटत नव्हतं, एवढं उघड होतं. का पटत नव्हतं, ते कळेना. राउटरवाल्यांच्या मदतकेंद्राने सांगितलं, दोष फायरवॉलचा. फायरवॉलवाल्यांकडची बाई म्हणाली, "अय्या! तो अजून चालतो?" आणि फोन ठेवला. जुना राउटर परत लावावा, तर फायबरची पिन त्याला बसेना.

साडेचारला मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "अर्धा तास फायरवॉल काढून लाइन थेट जोडू?"

"त्याच्या मागे हजारभर बायकांचे कागद आहेत," त्या म्हणाल्या. "एका बाईच्या आनंदासाठी बाकीच्यांचं दार सताड उघडं टाकायचं?"

हे वाक्य खरं तर माझं असायला हवं होतं. मी मान खाली घालून डार्करूममध्ये परतले.

पावणेपाच. लॅपटॉपवर फायरवॉलची चालू नोंद उघडून बसले होते. कोण आलं, कोणी काय केलं, हे त्यात ओळीने उमटत जातं. मी राउटरचं एकेक कलम बदलत होते, राउटर पुन्हा चालू करत होते. काही फरक नाही. तेवढ्यात पंख्याची घुरघुर थांबली. आणि वास बदलला. आंबूसपणा गेला आणि तारांना सोल्डरचा डाग देताना राळ जळते ना, तसा गरम, गोडसर वास आला. खोलीत डाग द्यायची सळई सोडा, साधी काडेपेटीही नव्हती.

नोंदीत एक नवी ओळ उमटली. दुसरा वापरकर्ता आत आला होता. जागा : मागचं सॉकेट.

त्या सॉकेटातून आत यायचं तर यंत्राला केबल लावून, याच खोलीत बसावं लागतं. मी फोनचा दिवा लावून कपाटामागे वाकले. सॉकेट रिकामं होतं. त्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं, अगदी अखंड.

परत स्क्रीनपाशी आले तेव्हा तिथे एक शेरा येत होता. एकेक अक्षर. मध्येच चुकायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. लिपी इंग्रजी, पण भाषा आपली.

'वेग बांधून ठेवलाय.'

मी लिहिलं, 'कोण?'

लाल दिवा किंचित मंद झाला... आणि मग,

'घाई आहे ना?'

मी बांधलेल्या वेगाची ओळ शोधली. खरंच की! जुन्या काळी कोणीतरी फायरवॉलचा वेग हाताने पक्का करून ठेवला होता. आजची यंत्रं वेग आपसात बोलून ठरवतात. माझ्या राउटरने विचारलं, फायरवॉल गप्प राहिला, आणि राउटरने गैरसमज करून घेतला की आपण एकमेकांचं संपल्यावरच बोलायचं. फायरवॉल मात्र ऐकता ऐकता बोलणारा. दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळत होते. छोटे शब्द फटीतून निसटायचे, मोठे फुटायचे. आणि मी दोन तास राउटरच्याच मानगुटीवर बसले होते, कारण हल्ली वेग हाताने बांधतं कोण?

पण ती ओळ बदलायचा अधिकार माझ्या खात्याला नव्हता. मूळ चावी, म्हणजे मुख्य पासवर्ड, कोणाकडे आहे, हे प्रसूतिगृहात कोणालाच ठाऊक नव्हतं.

'सोडू का?' शेरा आला.

माझ्या व्यवसायाचा पहिला धडा असा : अनोळखी कोणी आत शिरलं, तर काही न विचारता बाहेर काढायचं. बटण माझ्या बोटाखाली होतं. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. भिंतीपलीकडे बाळ रडलं, आणि ती बाळंतीण त्याला सांगत होती, "थांब हं, थांब... बाबा येतायत."

त्याने विचारलं होतं. घुसणारे विचारत नाहीत.

'सोडा,' मी लिहिलं.

ओळ बदलली. दोन्ही यंत्रांचे दिवे एकदम विझले आणि एकदम लागले. पंखा पुन्हा घुरघुरू लागला. मी धूम ठोकली.

वॉर्डात पोचले तोवर टॅबवर एक दाढीवाला, उन्हाने करपलेला तरुण दिसत होता. पापणीन् पापणी दिसावी इतका स्पष्ट. बाळंतिणीने मुलीला कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मुलीने बापाच्या तोंडावर भलीमोठी जांभई दिली.

"अगदी तुझ्यावर गेलीये," सासूबाई म्हणाल्या. "कामाच्या वेळी झोप."

तो हसता हसता रडायला लागला. त्याच्या मागे उभे असलेले खलाशी टाळ्या वाजवू लागले, इकडे सगळ्या खाटा, आणि डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "धूळ फार आहे इथे." वीस मिनिटं ती पोर हातोहात फिरली. भोंगा वाजला तेव्हा तो ओरडला, "सगळे जवळ या, फोटो काढतो! पुढच्या बंदरावरून पाठवीन!" चार नंबरपाशी होतो त्या आम्ही एकमेकींना चिकटलो, बाकीच्या आपापल्या खाटांवरच राहिल्या. तो म्हणाला, "वा! काय झकास दिसताय सगळे!" आणि कॉल तुटला.

सासूबाईंनी मला जवळ ओढून माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "जा, जेव आता."

मी आधी डार्करूममध्ये गेले. नोंद उघडीच होती. तो दुसरा अजून आत होता.

'किती जण होता फोटोत?'

मी बोटांवर मोजलं. बाळंतीण, बाळ, सासूबाई, ताई, डॉक्टरीणबाई, मी. 'सहा,' लिहिलं.

'सात.'

ओळ उमटली आणि तो बाहेर पडला.

यंत्रं पूर्वी सांभाळायचे त्या तारवाल्या काकांचा नंबर ताईकडे होता. मनाशी मी हिशेब पक्का केला होता, काका वारले असणार. काकांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. नातवंडांचा दंगा ऐकू येत होता. फायरवॉल तुम्हीच बसवलात का, असं मी विचारलं.

"मी? छे गं. मी तारा ओढल्या, बस. तो डबा मी यायच्या आधीपासूनचा आहे. त्याची चावी माझ्याकडे कधीच नव्हती."

"मग बिघडला की काय करायचात?"

"त्याला खोलीत एकटा सोडायचो," काका म्हणाले. "परत यायचो तेव्हा चालू असायचा. कामाचा गडी आहे, मी फार चौकशी केली नाही. तूही करू नकोस."

चाळीस दिवस सरत आले, उद्या जहाज बंदराला लागतंय. ताईने फोटोसाठी चौकट आणून ठेवलीये, सासूबाई तर घरून येऊन सकाळपासूनच टॅबसमोर बसणार आहेत. मीही आजच येऊन राहिलेय. फोटो कधी बघते असं झालंय, आणि बघू नये असंही.

मघाशी यंत्रं तपासायला गेले, तर नोंदीत पहाटेचा एक शेरा होता.

'फोटो आला की हाक मार.'

नाव लिहिलेलं नाही.