दिवा बंद, दहा गुण वजा

शनिवारी आर्व्हिड टोलफसन टपाल घेऊन घरी परतला तेव्हा पावणेतीनच वाजले होते, पण दिवस संपला होता. डिसेंबरात फेअरबँक्सच्या उत्तरेला सूर्य टेकडीआडून जेमतेम डोकं वर काढतो आणि आल्या पावली परत जातो. इंजिन गोठू नये म्हणून त्याने गाडीची वायर भिंतीतल्या प्लगला जोडली, बुटांवरचा बर्फ दारातच झटकला, शेगडीत दोन ओंडके सरकवले आणि माशांचा डबा उघडून उभ्या उभ्याच चार घास पोटात ढकलले. मग टपाल न उघडताच तो कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. तीन वाजता मरीट येणार होती.

येणार म्हणजे स्क्रीनवर. मरीट त्याची मुलगी, राहायची दूर स्पोकेनला. नऊ वर्षांत तिने बापाला ना फोन केला होता, ना दोन ओळी लिहिल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात मात्र विमान उडवायच्या खेळाच्या एका क्लबात ती अचानक त्याच्या शेजारच्या विमानात दिसली. तेव्हापासून दर शनिवारी तीन वाजता बापलेक आपापल्या घरी बसून एकाच खोट्या आकाशात उडत. हेडफोनवरचं बोलणंही कामापुरतंच. ती त्याला बाबा म्हणत नसे, ‘कॅप्टन’ म्हणे. तरी आर्व्हिड तो तास व्रतासारखा पाळायचा. शुक्रवारी रात्री दाढी करून ठेवायचा, जणू ती त्याला पाहणारच होती.

आणि आता ते व्रत मोडायच्या बेताला आलं होतं. कारण काय, तर एक दिवा.

क्लबात प्रत्येकाला शंभर गुण मिळत. दहा हजार फुटांच्या खाली विमानाचा उतरायचा दिवा लागलेलाच हवा. बंद दिसला की दहा गुण गेले. गुण शून्यावर आले की नाव कमी, दार बंद. आर्व्हिडने एकतीस वर्षं खरी विमानं खऱ्या गावांत उतरवली होती. बर्फ पडत असताना तो दिवा लावायचा नसतो, हे तिकडचा कुठलाही वैमानिक सांगेल. उजेड बर्फावर आपटून उलटा येतो आणि डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी राहते. मशीनला हे कोण सांगणार?

त्याने क्लब चालवणाऱ्या बर्डेटला सांगून पाहिलं होतं.

“अरे बाबा, बर्फात दिवा लावून उतरलास तर सरळ झाडात जाशील!”

“कॅप्टन, मी ओहायोत बूट विकतो. मला काय विचारता?” बर्डेट म्हणाला. “मशीनला दिवा बंद दिसला, मशीनने गुण कापले.”

“तुझं मशीन किती वर्षं उडालंय रे?”

“उडत नाही म्हणूनच चुकत नाही ते.”

हट्टाने आर्व्हिडने चाळीस गुण घालवले. मग मरीटसाठी मान खाली घातली आणि दिवा लावून, डोळे दिपवून घेत उतरू लागला. आणि तिथूनच काहीतरी विचित्र सुरू झालं. दिवा लावलेला असायचा, बटणावर बोट ठेवलेलं असायचं, तरी उतरल्यावर रिपोर्ट यायचा: ‘दिवा बंद, दहा गुण वजा.’ एकदा नाही, पाचदा. त्याने बटण बदललं, वायर बदलली.

“वय झालं की हात विसरतो, कॅप्टन,” बर्डेट हळू आवाजात म्हणाला. “आमचे आजोबाही गॅस बंद केला म्हणून शपथ घ्यायचे.”

“बर्डेट, माझी मुलगी येते रे तिथे.”

“मग तिला फोन करा की!” बर्डेट हसला.

आर्व्हिडला हसू आलं नाही. त्याच्याकडे आता दहा गुण उरले होते.

तीन वाजता हेडफोनमध्ये खरखर झाली.

“आहात का, कॅप्टन?”

“आहे. आज कुठे जायचं?”

“केटल बेंड.”

आर्व्हिडचा हात टेबलावर तसाच राहिला. केटल बेंड म्हणजे नदीकाठचं वीस घरांचं गाव. नऊ वर्षांपूर्वी असाच बर्फ पडत असताना तिथल्या धावपट्टीचे दिवे गेले होते. त्याचा मुलगा क्लेटन, मरीटचा भाऊ, बापाचं विमान उतरायचं म्हणून पट्टीच्या कडेने बॅटरीचे दिवे मांडायला गेला. आर्व्हिड रिवाजाप्रमाणे दिवा बंद ठेवून उतरला. शेवटचा दिवा मांडणारा माणूस अजून पट्टीवरच वाकलेला आहे, हे त्याला दिसलं नाही. चौकशी झाली. वैमानिकाने केलं ते बरोबरच होतं, असं मोठमोठ्या लोकांनी लिहून दिलं. दफन झाल्यावर मरीट एवढंच म्हणाली होती, “तुम्हाला कुणी काहीच शिक्षा केली नाही.” आणि गेली.

“केटल बेंडच का, मरीट?”

“तिथे तुम्ही एकदा दिवा लावून उतरलेलं मला बघायचंय.”

तो उडाला.

खेळातल्या आकाशात बाहेरचंच हवामान असतं, तेव्हा बर्फ पडतच होता. पट्टी सोडतानाच त्याने दिवा लावला आणि मोठ्याने सांगितलं, “दिवा लावला.”

“दिसतोय,” मागच्या विमानातून मरीट म्हणाली. “मी तुमच्या मागेच आहे.”

अर्धा तास गेला. शेगडीत ओंडका तडकला. खोलीत धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. मग खाली नदीचं वळण आलं आणि आर्व्हिडने विमानाचं नाक खाली घेतलं. समोर पांढरी भिंत. अंगठा बटणावर इतका दाबलेला की नख पांढरं पडलं.

“दिवा चालूच आहे ना, मरीट?”

“चालू आहे.”

पांढऱ्या भिंतीत एक पिवळा ठिपका उमटला. मग दुसरा. मग तिसरा. धावपट्टीच्या कडेने कुणीतरी एकेक दिवा मांडत पुढे चाललं होतं.

त्या खेळात माणसंच नाहीत. विमानं आहेत, झाडं आहेत, घरं आहेत. माणूस एकही नाही.

“बाबा...” मरीटचा आवाज एकदम लहान झाला. “बाबा, पट्टीवर कुणीतरी आहे...”

आर्व्हिडने विमान वर खेचलं. वाकलेली पाठ, डोक्यावर ओढलेली टोपी, डोळ्यांवर आडवा धरलेला हात, एवढं सगळं त्याच्या दिव्याच्या उजेडात लख्ख दिसलं आणि पंखाखालून गेलं. त्याच क्षणी स्क्रीन काळी झाली. काळ्यावर अक्षरं आली: ‘दिवा बंद, दहा गुण वजा. आपलं सभासदत्व संपलं आहे.’ हेडफोनमधली खरखरही थांबली.

तो हात मांडीवर टाकून बसून राहिला. एवढ्यात फोन वाजला. नऊ वर्षांनी त्यावर मरीटचं नाव होतं.

“दिवा चालू होता,” ती रडत होती. “मी पाहिलाय. शेवटपर्यंत चालू होता. तुमच्यावर अन्याय झालाय, बाबा.”

“असू दे, पोरी.”

“मला एक सांगा.” तिने श्वास घेतला. “बर्फात दिवा लावला की काही दिसत नाही म्हणता ना? मग आज तो कसा दिसला?”

आर्व्हिडला एकतीस वर्षं जे ठाऊक होतं, ते मुठीतून पाण्यासारखं निघून गेलं. तेव्हा दिवा लावला असता तर... हे वाक्य दोघांच्याही तोंडापर्यंत आलं आणि दोघांनीही ते गिळलं.

“तू अजून तिथेच आहेस?” त्याने विचारलं.

“हो. उतरले मी. पट्टीच्या टोकाला उभी आहे. तो... तो दिसत नाही आता. दिवे आहेत फक्त.”

“बंद कर ते. ऊठ, चहा घे.”

“नाही. त्याला इथे एकटं टाकून मी नाही जाणार. एकदा गेले होते.” मग ती थबकली. “बाबा, वजनाचा तक्ता बघा... म्हणजे तुम्हाला कसा दिसणार. मी एकटीच बसले होते. आता उजव्या सीटवर कुणाचं तरी वजन दाखवतंय.”

“किती?”

“एकशे त्र्याहत्तर पौंड.”

आर्व्हिडने डोळे मिटले. छोट्या विमानात माणसाला काट्यावर चढवल्याशिवाय बसवत नाहीत. बूट आणि कोट घालून क्लेटन एकशे त्र्याहत्तर भरायचा. मरीटला ते माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

“घाबरू नकोस,” तो म्हणाला. आपला आवाज इतका मऊ येईल असं त्याला वाटलं नव्हतं. “तो कुणाचं वाईट करणारा पोरगा नव्हता. त्याला घेऊन उड. दिवा लाव आणि उड.”

फोनमधून इंजिनाचा आवाज वाढत गेला. मग मध्येच बारीकसं ‘टक’ झालं.

“मी नाही...” मरीट कुजबुजली. “बाबा, दिवा बंद झाला. मी हातसुद्धा लावला नाही...”

“आता काय दिसतंय?”

ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात रडू होतं आणि आश्चर्यही.

“सगळं दिसतंय. बर्फ मागे सरल्यासारखा झालाय. टोकापर्यंत स्वच्छ दिसतंय. तुम्ही खरं सांगत होता, बाबा. तुम्ही खरंच...”

आर्व्हिडच्या गालावरून पाणी ओघळलं. नऊ वर्षं ज्या शब्दांसाठी त्याने देवाला आळवलं होतं ते हेच.

“थांबा...” मरीट म्हणाली. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. “शेवटच्या दिव्यापाशी कुणीतरी उभं आहे. क्लेटन नाही. क्लेटनचं वजन अजून सीटवरच आहे. हा म्हातारा आहे, वाकलेला... मी ब्रेक दाबून धरलाय, बाबा, मी त्याला काही होऊ देणार नाही... पण हा हात वर करून माझ्याकडेच बघतोय...”

फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता.

“बाबा, तुम्ही घरातच आहात ना?”

शेगडी लालभडक पेटलेली होती. आर्व्हिडने हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडातून दाट पांढरी वाफ निघाली.