कलघटगीला गेलेला हात

"माझ्या नशिबाच्या जागी कुणीतरी दुसऱ्याचं नशीब ठेवलंय," भार्गवी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

खासगी तपासनीस धम्मानंद केदारी यांच्या हुबळीतल्या कचेरीत हरवलेली माणसं शोधायला लोक येत. हरवलेल्या नशिबाची तक्रार पहिलीच होती. केदारींचे मित्र मंजुनाथ, निवृत्त हेडक्लार्क, रोज चहाला येत आणि चुकीचा गुन्हेगार ओळखून घरी जात. त्यांनी कान टवकारले.

भार्गवीनं भराभर सांगितलं. दाजीबानपेठेत विठ्ठलरावांच्या ठोक कापडदुकानात ती अकरा वर्षं होती. धारवाडला, सुभाष रोडवर, नवी शाखा परवा उघडणार होती. मॅनेजर कोण? ती, जुनी हेमावती की मालकांचा पुतण्या श्रीवत्स? हात दाखवल्याशिवाय मालक पंखाही बदलत नसत. त्यांनी धोंडिबा ज्योतिषाला बोलावलं. त्यानं तिघांच्या एकेका हाताचे शाईचे ठसे घेतले आणि नंबर घातलेल्या पाकिटांत बंद करून कलघटगीला आपल्या गुरूंकडे, अप्पांकडे, पाठवले. नावं कळवायची नाहीत, म्हणजे वशिला नको.

"कागद परत आले, सोबत अप्पांचा निरोप. दोन नंबरची भाग्यरेषा मधेच तुटलीय, कारभार दिला तर बुडवेल. दोन नंबर मी! शाखा श्रीवत्सला. अकरा वर्षं राबले, ते कुठल्याच रेषेत नाही."

"तुमचा यावर विश्वास आहे?"

"नाही. पण मालकांचा आहे ना! आणि माझी रेषा मनगटापासून मधल्या बोटापर्यंत सरळ आहे. तीन दिवस शाई निघाली नाही, चमच्यानं जेवले. एवढा हात घासला तरी रेषा तिथंच आहे."

"तो कागद तुम्ही पाहिलात?"

"मालक दाखवत नाहीत."

"मला दाखवतील," केदारी उठत म्हणाले.

विठ्ठलरावांनी कुरकुरत तिन्ही कागद गादीवर पसरले. केदारींनी दोन नंबरचा कागद उचलला. अंगठा कागदाच्या उजव्या कडेला होता आणि भाग्यरेषा तळहाताच्या मधोमध तुटली होती. इतर दोन कागदांवर अंगठा डाव्या कडेला होता.

"तुटलीय की, अण्णा," मंजुनाथ केदारींच्या कानाशी कुजबुजले. "पोरीचं काही खरं नाही."

"पाकिटं कलघटगीला कधी गेली?" केदारींनी विचारलं.

"ठसे शनिवारी घेतले, पाकिटं सोमवारी गेली. तोवर याच खणात होती. उरलेली शाई, कोरी पाकिटंही इथंच. कुलूप नव्हतं."

"खणाला हात कोण लावू शकतं?"

"श्रीवत्स आणि हेमावती. धोंडिबाही रविवारी येऊन बसला होता."

धोंडिबा गुरगुरतच आला. "भार्गवी मला तोंडावर हसली, म्हणून मी रेषा मोडीन होय? एकेकाला आत बोलावलं, ठसा घेतला, पाकीट मीच चिकटवलं. नंबरही माझेच. कुणाचा कुठला हात घ्यायचा ही आमच्या आजोबांची पद्धत आहे. ती बाजारात सांगायची नसते."

"शंभर टक्के हाच," मंजुनाथ म्हणाले.

हेमावतीनं काहीच लपवलं नाही. "शाखा मलाही हवी होती की! पण पाकीट बदलायचंच असतं तर मी पुतण्याचं बदललं असतं. भार्गवी माझ्यामागून आलेली, तिची कसली भीती? आणि त्या शाईचं नाव नका काढू बाई. घरी पूजेचं जेवण होतं. चमचा मागितला तर जावा खो-खो हसल्या."

श्रीवत्स एक हात खिशात घालून ऐटीत उभा राहिला. "काका शास्त्राप्रमाणे चालतात. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. त्यात जे दिसलं ते दिसलं. मला कशाला विचारता?"

"आता कुणालाच विचारायचं नाही," केदारी म्हणाले. "सगळ्यांना इथं बोलवा. भार्गवीलाही."

सगळे गादीभोवती जमले.

"उजवा हात शाई लावून कागदावर पालथा टेकवला, तर अंगठा डावीकडे येतो. एक नंबर श्रीवत्स, तीन नंबर हेमावतीअक्का. दोघांचा अंगठा डावीकडे, म्हणजे उजवे हात. दोन नंबरचा अंगठा उजवीकडे. तो डावा हात आहे."

"बाईचा डावाच घेतात की, अण्णा!" मंजुनाथ म्हणाले.

"मग हेमावतीअक्कांचा उजवा कसा? त्या चमच्यानं जेवल्या. भार्गवीही. डाव्या हाताला शाई लागली म्हणून कुणी चमचा मागतं का? धोंडिबा, आजोबांची पद्धत सांगा. आता तीच तुम्हाला वाचवणार आहे."

धोंडिबा घुटमळला. "जी बाई स्वतः कमावते, तिचा उजवा घ्यायचा. घरात बसून खाते, तिचा डावा. या दोघी कमावत्या."

"म्हणजे हा डावा हात भार्गवीचा नाही. पाकीटच बदललंय. ज्यानं बदललं त्याला जगाचा नियम ठाऊक होता, धोंडिबांचा नव्हता. धोंडिबांनी खोटा ठसा केला असता तर उजव्याचाच केला असता. हेमावतीअक्कांनीही, कारण त्यांनी स्वतः उजवा दिला होता. तिसऱ्याला मात्र खात्री होती. इतकी खात्री, की भार्गवीच्या कुठल्या हाताला शाई आहे हे बघायची किंवा तिचं पाकीट फोडायचीही गरज वाटली नाही. श्रीवत्स, डावा हात बाहेर काढा."

श्रीवत्स हलला नाही. विठ्ठलरावांनी स्वतः त्याचा हात खिशातून ओढला आणि कागदाशेजारी धरला. तीच बारीक बोटं होती आणि रेषाही त्याच ठिकाणी तुटली होती.

"लहानपणापासून सगळे ज्योतिषी हेच सांगतात," श्रीवत्सचा आवाज चिरकला. "डावा हात करंटा म्हणून. म्हटलं, एकदा तरी तो माझ्या उपयोगी पडू दे. तिचं पाकीट जाळलं मी."

"रेषेनं नाही रे, तू तुझ्या करणीनं बुडालास," विठ्ठलराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग ते भार्गवीकडे वळले. "पोरी, झालं ते झालं. आता लगेच तुझा खरा ठसा घेऊ. संध्याकाळपर्यंत अप्पांचा निरोप येईल, आणि शाखा तुझी."

भार्गवीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नाही, मालक."

"अगं, तुझी रेषा सरळ आहे म्हणतेस ना?"

"सरळ आहे. म्हणूनच दाखवणार नाही. आज रेषेवर शाखा घेतली, तर उद्या धंदा वाढला तरी तो रेषेनं वाढला म्हणाल. अकरा वर्षं मी तुमच्या डोळ्यांसमोर काम केलंय. ते बघून द्यायची असेल तर द्या. नसेल तर हेमावतीअक्कांना द्या, मी त्यांच्या हाताखाली खुशीनं राबेन."

हेमावतीनं डोळ्यांना पदर लावला. विठ्ठलरावांनी तिन्ही कागद गोळा केले आणि टराटरा फाडले.

"धोंडिबा, तुम्ही निघा," ते म्हणाले. "भार्गवी, परवा धारवाडचं दुकान कितीला उघडायचं?"

"साडेनऊला, मालक," भार्गवी म्हणाली.