तीस शतांशांचा टाइमआउट

वेळेत मागितलेली गोष्ट समोरच्याला वेळ संपल्यावर कळली, तर ती वेळेत मागितली म्हणायची का? बालमित्रांनो, २०४९ साली शर्वाणी लोखंडे या कोड्यात अडकली.

बास्केटबॉलचा आंतरशालेय अंतिम सामना होता. शर्वाणीचा संघ एका गुणाने मागे. चेंडू तिच्या हातात आला तेव्हा घड्याळात सेकंदाचे तीसच शतांश (शंभरातले तीस भाग) उरले होते. त्याच क्षणी ती "टाइमआउट" (खेळ थोडा वेळ थांबवा) असं ओरडली. भोंगा वाजला, मग शिट्टी. पंच ठोसर मॅडमनी टेबलापाशी जाऊन चित्रण थांबवत थांबवत पाहिलं. वेळ संपताच लागणारा, बास्केटच्या फळ्यामागचा लाल दिवा आधी लागला होता, शिट्टी नंतर वाजली होती. त्यांनी नकारार्थी हात हलवले. सामना संपला.

दहावीच्या चौघींचा हा शाळेसाठीचा शेवटचा सामना. त्यातल्या तिघी बाकावर टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसल्या. चौथी शर्वाणी, ती मात्र वेळ राखणाऱ्या क्षणमित्र नावाच्या यंत्रमानवाकडे गेली.

"मी आधी मागितलं होतं."

"हो. तीस शतांश आधी."

"मग?"

"मॅडम चोवीस मीटर लांब होत्या. आवाज पोचायला सात शतांश लागले. ऐकून, समजून शिट्टी फुंकायला पंचवीस. त्याला प्रतिक्रियाकाळ (कळल्यापासून कृतीपर्यंतचा वेळ) म्हणतात. बेरीज कर."

"बत्तीस."

"दोन शतांश उशीर. तू मागितलंस तो क्षण धरत नाहीत, शिट्टीचा धरतात."

"आमच्याकडे सरावाला चिपडेकाका घड्याळ लावतात. कुणी ओरडलं की काटा मागे घेतात, मागितलं तिथवर."

"म्हणून तुम्हाला अगदी शेवटी मागायची सवय लागली."

"पण तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. शिट्टी माझ्याकडे नसते."

ठोसर मॅडम जवळ आल्या. "तुझा आवाज मला भोंग्यानंतर आला गं," त्या हळूच म्हणाल्या.

"कानात आधीच पोचला होता, मॅडम," क्षणमित्र म्हणाला. "कळला नंतर."

"हे बदलता नाही येणार?" शर्वाणीने विचारलं.

"आज नाही. नियम माणसं लिहितात, त्यामुळे पुढेमागे बदलतीलही."

"तेव्हा आम्ही नसू."

"नसाल," तो म्हणाला.

ती बाकावर परतली.

"काय म्हणाला तो डबा?" एकीने टॉवेलमधूनच विचारलं.

शर्वाणीने सगळा हिशेब सांगितला. नववीतली ऋजुता, संघात पुढच्या वर्षी उरणारी एकटीच, म्हणाली, "ताई, सात आणि किती?"

"पंचवीस. बत्तीस होतात," शर्वाणी म्हणाली. "तू पन्नास धर, तेवढे उरले असतानाच माग."