अंदाजाने भरलेली जागा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हे मी कुणाला सांगत नाही. लोक म्हणतील, बाईचे कान गेले.

मी रेडिओ केंद्रावर तांत्रिक काम बघते. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी केंद्रात नवा संगणक आला. कार्यक्रम आपोआप लावणारं सॉफ्टवेअर नवं झालं आणि जुन्या फायलींसमोर लाल ओळी उमटल्या. कोडेक सापडत नाही. म्हणजे काय, तर आवाज साठवताना त्याची घडी घातलेली असते, आणि ती कशी उलगडायची हे नव्या यंत्राला ठाऊक नव्हतं. रोजचीच कटकट. मी बाह्या सरसावून बसले.

दुपारी चार वाजता ताईंचा, केंद्राच्या जुन्या निवेदिकेचा, कार्यक्रम असे. श्रोत्यांची पत्रं वाचायची, मधे घरगुती युक्त्या सांगायच्या. ताई वारल्याला वर्ष झालं होतं. मी त्यानंतर रुजू झाले, त्यांना कधी भेटलेच नाही. पण श्रोत्यांच्या आग्रहाखातर जुने भाग परत लावत असू. त्या सोमवारी चारला अर्धं मिनिट नुसती शांतता गेली आणि मग यंत्राने राखीव संगीत सुरू केलं.

लगेच फोन वाजला. ताईंचे यजमान. सगळे त्यांना काका म्हणत. घड्याळं दुरुस्त करायचे, आता घरी एकटेच.

"आज ती आली नाही," ते म्हणाले. तक्रार नव्हती आवाजात, काळजी होती.

"उद्या नक्की येतील, काका."

शब्द दिला होता. संध्याकाळपर्यंत खटपट करून मी जुना कोडेक बसवला. फायली उघडल्या, पण काही ठिकाणी खराब झालेल्या होत्या. असा तुकडा आला की सॉफ्टवेअर आधीच्या आवाजावरून अंदाज बांधून जागा भरतं. बहुतेक वेळा नुसती खरखर ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रसारणाआधी मी हेडफोन लावून भाग तपासला. खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं, तापलेल्या यंत्राचा धुळकट वास. ताई एका श्रोत्याचं पत्र वाचत होत्या. अकराव्या मिनिटाला खराब तुकडा आला. खरखर झाली नाही. ताईच बोलल्या, पण माईकपासून जरा बाजूला वळून बोलावं तशा, हळू...

"अहो, डावा मोजा पलंगाखाली आहे."

आणि पत्र पुढे सुरू.

मला हसू आलं. वाटलं, ध्वनिमुद्रण चालू असताना घरचं काही बोलल्या असतील. भाग लागला. साडेचारला काकांचा फोन.

"सापडला!"

"काय सापडलं?"

"मोजा हो. सकाळपासून शोधत होतो."

मी पडद्यावर ती जागा काढून पाहिली. आवाजाची रेघ सपाट होती. तिथे मूळ आवाज काहीच नव्हता, जागा भरली होती ती यंत्राने. शेजारी बसणाऱ्या निवेदिकेला ऐकवलं, तर ती म्हणाली, "खरखर आहे नुसती. काय ऐकायचंय त्यात?"

म्हणजे ऐकू येत होतं ते काकांना आणि मला. मला का, ते विचारू नका.

मग रोजचंच झालं. "गोळी राहिली." "छत्री न्या." एकदा तर नुसतं, "दाढी करा आता, ध्यान दिसताय." काका रोज साडेचारला फोन करून सांगत, आणि खरं सांगते, सुरुवातीची भीती जाऊन मी त्या फोनची वाट बघू लागले.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं. "ताईंच्या कार्यक्रमात मधेच खरखर येते. मुख्य कार्यालयात चांगल्या प्रती सापडल्यात. शुक्रवारपासून त्या लावा."

गुरुवारी सुट्टी टाकून मी काकांकडे गेले. एका खोलीचं घर, स्वच्छ. भिंतीवर सहा घड्याळं, सगळी एकच वेळ दाखवणारी. रेडिओच्या समोर दोन खुर्च्या. मी सगळं सांगितलं. नव्या प्रतींत खराब तुकडे नाहीत, म्हणजे...

त्यांनी उठून एका घड्याळाला किल्ली दिली. मग हळूच म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. हिला तेवढं दुरुस्त करू नका, बाई."

शुक्रवारी मी साहेबांना सांगितलं, नव्या प्रतींचा कोडेक आपल्याकडे चालत नाही. नोकरीत पहिल्यांदाच धडधडीत खोटं बोलले. साहेबांनी नाक मुरडलं, पण कोडेकच्या वाटेला जाण्याची त्यांची छाती नव्हती.

जवळजवळ दोन वर्षं अशी सुखात गेली. गेल्या महिन्यात एका सकाळी काकांच्या भाचीचा फोन आला. मामा रात्री झोपेतच गेले म्हणाली. चेहरा इतका शांत होता की हाक मारून बघावंसं वाटलं.

त्या दिवशी चारला मी हेडफोन लावला. आता कोण कुणाला काय सांगणार? तुकडा आला की खरखरच येईल, अशी मनाची तयारी केली होती. तुकडा आला...

"ऐकताय ना?"

"ऐकतोय गं," काका म्हणाले.

मग दोघं हसली. मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्यानंतर रोज ती दोघं. कधी बोलणं, कधी नुसताच घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज.

परवापर्यंत असंच चाललं होतं. परवा तुकडा नेहमीपेक्षा लांबला. चहा ओतल्याचा आवाज आला. एक कप, दुसरा कप. मग जरा थांबून, तिसरा. जमिनीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज...

"हा इकडे ठेवा," ताई म्हणाल्या. "यात साखर नाही घातलेली. त्या घेत नाहीत."

अख्ख्या केंद्रात बिनसाखरेचा चहा पिणारी मी एकटीच आहे.