साडेचार मिनिटं

चाळिशी उलटून तीन वर्षं झाली तरी घरात ती धाकटीच होती. दुकानात मात्र तिला सगळे बॅटरीवाल्या बाई म्हणत. नवं गिऱ्हाईक आत आलं की आधी इकडेतिकडे बघायचं, मग विचारायचं, "मालक नाहीत का?" आणि धाकटी हातातली सोल्डरिंग गन खाली न ठेवता म्हणायची, "आहेत ना. बोला."

सायकलींच्या, इन्व्हर्टरच्या, व्हीलचेअरच्या, कसल्याही बॅटऱ्या ती दुरुस्त करून द्यायची. नियम एकच होता आणि तो तिने भिंतीवर ठळक लिहून ठेवला होता: फुगलेली बॅटरी आणू नका. फुगलेली लिथियम बॅटरी कधी पेट घेईल याचा नेम नसतो. ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि पुरती मेली की टाकून द्यायची. यावर कोणी हुज्जत घातली तर धाकटी त्याला सरळ दाराचा रस्ता दाखवायची.

त्या मंगळवारी सकाळी तिने स्वतःच्या हाताने एक फुगलेली बॅटरी टेबलावर घेतली. साबणाच्या वडीएवढी, तीन सेलची, पोटाशी किंचित वर आलेली. ती दादाच्या हेलिकॉप्टरची होती.

हे हेलिकॉप्टर म्हणजे पोरांचं खेळणं नव्हे, असं दादा भेटेल त्याला ऐकवायचा. हातभर लांब, रिमोटवर उडणारं, स्क्रू न् स्क्रू स्वतः जोडलेलं. वहिनी त्याला सवत म्हणायची आणि वर त्याच्यासाठी कापडी पिशवीही शिवून द्यायची. दर रविवारी संध्याकाळी दादा ते शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर उडवायचा आणि धाकटी त्याच्या मागे, डाव्या खांद्याशी, स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. उडवणाऱ्याची नजर आभाळात असते, त्याला घड्याळ बघायची सोय नसते. म्हणून मागून कोणीतरी वेळ सांगायची. "दोन. तीन. चार. उतरव." साडेचार मिनिटांत हेलिकॉप्टर जमिनीवर यायचं, बॅटरीत थोडा जीव शिल्लक ठेवून. टेकलं की दादा म्हणायचा, "बंद." मग ती पुढे जाऊन बॅटरीची वायर काढायची. सोळा वर्षं हे असंच चाललं होतं. दादा तिला टिकटिक म्हणायचा.

सात आठवड्यांपूर्वीच्या रविवारी, पाच वाजून दहा मिनिटांनी हेलिकॉप्टर वर गेलं आणि धाकटीचा फोन वाजला. एका गिऱ्हाइकाचा इन्व्हर्टर बंद पडला होता. वाऱ्यात नीट ऐकू येईना म्हणून ती पाठ फिरवून चार पावलं लांब गेली. परत वळली तेव्हा दादा तसाच उभा होता, मान वर, रिमोट हातात. पण तो बघत होता तिथे आभाळात काहीच नव्हतं. मग त्याचे गुडघे वाकले.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. कधीतरी फुटणारच होती, कोणाचा काही दोष नाही. हेलिकॉप्टर अंधार पडताना टेकाडाच्या पलीकडे गवतात सापडलं. बॅटरी पार रिकामी होऊन फुगली होती. फोनची गोष्ट धाकटीने कोणालाही सांगितली नाही. वहिनीलाही नाही.

आता दादा घरीच होता, पलंगावर. डोळे उघडे असायचे, नजर नसायची. "ते जागे आहेत," डॉक्टर म्हणाले होते, "पण इथे नाहीत. ओळखीचे आवाज ऐकवत राहा." म्हणून वहिनीने हेलिकॉप्टर काढून दिलं. "पंखे काढ आणि नुसती मोटर चालू करून दे गं. त्या आवाजाला तर ते जेवणावरून उठायचे."

नवी बॅटरी आणणं अर्ध्या तासाचं काम होतं. पण धाकटीला हीच बॅटरी चालू करायची होती. ही आपल्यामुळे मेली, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

तिने दुकानामागच्या उघड्या अंगणात लोखंडी पेटी ठेवली, तळाशी वाळू घातली आणि त्यात बॅटरी ठेवून अगदी हळू चार्जिंगला लावली. दुपारी तीनपर्यंत तिन्ही सेल भरले. चार पूर्णांक वीस व्होल्ट, चार वीस, चार वीस. धाकटी स्वतःवरच खूश झाली. वायर काढून, पेटी बंद करून ती पुढच्या कामाला लागली. संध्याकाळी सहाला सहज मीटर लावला तर तिन्ही सेल तीन पूर्णांक चौऱ्याहत्तरवर उतरले होते.

बॅटरी खराब असली की ती उतरते, त्यात नवल नाही. पण खराब असतो तो एक सेल. तो लंगडतो, बाकीचे दोन टिकून असतात. इथे तिघेही एकसारखे उतरले होते आणि कशालाही जोडलेले नसताना. शिवाय तो आकडा तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. सोळा वर्षं दर रविवारी, हेलिकॉप्टर उतरल्यावर, ती वहीत तोच लिहीत आली होती.

तिने मीटर बदलला. दमट हवेचा संशय आला म्हणून बॅटरी काचेवर ठेवली. टोकांना चिकटपट्टी लावली. बुधवारी पुन्हा भरली, पुन्हा तेच. मग गुरुवारी तिने बॅटरीला नखाएवढं एक यंत्र लावलं. सेकंदासेकंदाचे व्होल्ट नोंदवून ते मोबाइलवर आलेख काढायचं. दिवसभर रेष सरळ होती, इस्त्री केल्यासारखी. पाच वाजून दहा मिनिटांनी ती हलली.

आधी दोन बारीक खड्डे पडले. मग एक खोल उतार, थोडी सपाटी, पुन्हा उतार. साडेचार मिनिटं हे चाललं आणि रेष पुन्हा सरळ झाली.

धाकटी खुर्चीत बसली. त्या दोन बारीक खड्ड्यांकडे ती किती वेळ बघत होती कोण जाणे. दादा कधी एकदम वर जायचा नाही. आधी वीतभर उचलायचा, टेकवायचा, पुन्हा उचलायचा, टेकवायचा. "विचारून घेतो बाईसाहेबांना, मूड आहे का," असं म्हणायचा आणि मगच वर न्यायचा.

तिने पेटीत हात घातला. बॅटरी कोमट होती.

त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "काय गं, पाचच्या सुमारास येऊन गेलीस की काय? मी स्वयंपाकघरात होते. यांच्या खोलीतून तुझा आवाज आल्यासारखा वाटला. चहासुद्धा टाकला तुझा. येऊन बघते तर कोणीच नाही."

"मी दुकानातच आहे वहिनी."

"मग मलाच भास झाला असेल. झोप कुठे होतेय धड."

शुक्रवारी ती रेष पाच मिनिटं हलत राहिली. शनिवारी पावणेसहा. एक नवीकोरी बॅटरी धाकटीने पेटीत शेजारीच ठेवली होती. तिचा आकडा तसूभरही हलला नाही. रविवारी साडेसहा मिनिटं. तीन पूर्णांक पंचेचाळीस. साडेचार मिनिटांची शिस्त दादाने सोळा वर्षांत एकदाही मोडली नव्हती. आता तो रोज थोडा लांब जात होता.

"यांना रोज पाचच्या पुढे धाप लागायला लागलीय," वहिनी म्हणाली. "आज तर ऑक्सिजन शहाऐंशीवर आला. पाच-सात मिनिटं फक्त. मग आपोआप ठीक. डॉक्टरांना काही कळत नाहीये."

"किती वाजता, वहिनी? नक्की किती वाजता?"

"पाच दहाला," वहिनी म्हणाली. धाकटीने फोन ठेवला आणि चारही दिवसांचे आलेख उघडून वेळ ताडून पाहिली. तीच होती.

सोमवारी तिने अक्कल चालवली आणि बॅटरी चार्जच केली नाही. चार्ज नाही तर उड्डाण नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. पाच दहाला रेष उतरायला लागली ती कालच्या तीन पूर्णांक पंचेचाळीसवरूनच. पूर्ण एक मिनिटही झालं नाही आणि तीन पूर्णांक बारा. पाच पंधराला वहिनी फोनवर रडत होती. ऑक्सिजन एकोणऐंशी, डॉक्टर निघालेत, तू ये. धाकटी पोचेपर्यंत दादाचा श्वास सावरला होता.

तीनच्या खाली गेलेली बॅटरी परत येत नाही. हे वाक्य धाकटीने हजार गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल. ही एकदा कशीबशी आली होती, दुसऱ्यांदा येणार नव्हती. रात्रभर ते तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

मंगळवारी तिने बॅटरी काठोकाठ भरली, लोखंडी पेटी गाडीत घातली आणि साडेचारला दादाच्या घरी पोचली. बॅटरीचं पोट आता नारळाच्या करवंटीसारखं टणक झालं होतं. पेटी तिने गॅलरीत, फरशीवर, पडद्यापासून लांब ठेवली. मग खोलीत येऊन पलंग भिंतीपासून ओढायला लागली.

"अगं, काय चाललंय तुझं?"

"मला मागे उभं राहायचंय वहिनी. जरा हात लाव."

वहिनीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता दुसरी बाजू धरली. धाकटी पलंगाच्या डोक्याशी, दादाच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात स्टॉपवॉच. वहिनीने दादाच्या मुठी आवळू नयेत म्हणून त्यात नॅपकिनच्या गुंडाळ्या दिल्या होत्या. त्यांच्यावर त्याचे अंगठे पडले होते, रिमोटवर पडतात तसे.

पाच दहा.

डावा अंगठा हलला. केसभर पुढे, केसभर मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मोबाइलवर दोन बारीक खड्डे पडले.

"अगं बाई," वहिनी म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

धाकटीने बटण दाबलं. "दोन," ती म्हणाली. "तीन." आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "चार. उतरव दादा."

आकडे थबकले. तीन पूर्णांक ऐंशीवर, दोन सेकंद. मग पुन्हा पडायला लागले, आधीपेक्षा वेगाने.

"उतरव. साडेचार झाली."

अंगठा पुढेच होता. दादाचा श्वास वर चढला.

"पाच. दादा, उतरव. सहा."

"शहाऐंशी," वहिनी ऑक्सिजनच्या यंत्राकडे बघून म्हणाली. "चौऱ्याऐंशी. काय होतंय गं? तुला माहितेय ना काय होतंय?"

तीन पूर्णांक चाळीस.

"माझं चुकलं वहिनी," धाकटी म्हणाली. तिचे डोळे मोबाइलवरून हलत नव्हते. "त्या दिवशी मी मागे नव्हतेच. फोनवर होते. याला वेळ कोणी सांगितलीच नाही. हा अजून वर आहे."

वहिनीने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

तीन पूर्णांक पंचवीस. गॅलरीतून पेटीचा पत्रा वाजल्यासारखा आवाज आला.

"दादा, मी आलेय." धाकटी वाकली, तोंड त्याच्या डाव्या कानामागे नेलं. "मी टिकटिक. तुझ्या मागे उभी आहे. माझं ऐक. बाकी काही बघू नकोस. शेपूट आपल्याकडे वळव. हळू. परत ये."

तीन पूर्णांक चौदा.

"परत ये दादा."

तीन पूर्णांक शून्य नऊ.

"उतरव."

अंगठा थरथरला. मग मागे आला. हळूहळू, एकेक केस.

तीन पूर्णांक शून्य सहा. शून्य सहा. शून्य सहा.

रेष सरळ झाली.

खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं. मग दादाने घेतला, खोल, लांबलचक, आणि त्याचे सुके ओठ एकमेकांपासून सुटले.

"बंद," तो म्हणाला.

वहिनीने तोंडावर पदर दाबला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. धाकटी गॅलरीत धावली. पेटी उघडून तिने यंत्राची वायर उपटून काढली. मिठाच्या पाण्याची बादली तिने आधीच भरून ठेवली होती. बॅटरी तिच्यात सोडली. बारीक बुडबुडे वर यायला लागले. सात आठवड्यांत एवढं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती आत आली तेव्हा दादाची मान तिच्याकडे वळलेली होती. डोळ्यांत नजर होती. तोंडाची एक बाजू हलत नव्हती, पण दुसरी हसत होती. ऑक्सिजन शहाण्णव होता.

"टिकटिक."

"बोलू नकोस. दमशील."

"मग... इतके दिवस... का म्हणत होतीस?"

"काय म्हणत होते?"

"अजून वेळ आहे." एकेक शब्द तो शोधून काढत होता. "पुढे जा. अजून... खूप वेळ आहे."

धाकटीने त्याचा हात हातात घेतला. "मी नव्हते रे दादा. मी तर बोललेच नाही. तीच तर माझी चूक."

"तूच. तुझाच आवाज." त्याने डोळे मिटले. कपाळावर एक आठी पडली, जुनं काहीतरी आठवताना पडायची तशी.

"फक्त... मागून नव्हता येत," तो म्हणाला. "समोरून येत होता."