बंद घरांतला आवाज

दिवस बराच वर आला तरी सातपुड्यातल्या त्या पाड्यावरचं धुकं हटलं नव्हतं. बहुतेक माणसं ऊसतोडीला गेलेली, घरांना कुलपं.

रविता अंगण झाडत होती. अचानक वरच्या बंद घरातून तिच्या भावाचा आवाज आला.

"मी दिलवर. माझी साखर उतरतेय. मी माथ्यावरच्या पेटीजवळ आहे."

दिलवर तर सकाळीच शेळ्या घेऊन गेला होता! मग त्याखालच्या कुलूपबंद घरातून तोच आवाज, तेच शब्द. मग आणखी खालून. जणू दिलवर न दिसता एकेका घरातून उतरत होता. रविता झाडू टाकून अंगणाबाहेर आली.

पाड्यावर राहणाऱ्या संशोधक नसीमाताई धावत आल्या. "ग्लुकोजची पुडी, पाणी घे. चल!"

"ताई, दादा त्या घरांत आहे?"

"नाही गं. त्याच्या दंडावर चकती आहे ना, तो संवेदक (बदल ओळखणारं यंत्र). त्याची केसाएवढी तार कातडीखाली असते. पेशींभोवतीच्या पाण्यात साखर असते. तारेवरचं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) तिच्यावर क्रिया करतं आणि किंचित वीज तयार होते. साखर कमी, तर वीज कमी. मग चकती जवळच्या पेटीला इशारा देते."

"पण इथे रेंज कुठे आहे?"

"म्हणून तर काल तू रानात असताना आम्ही घराघरात पेट्या लावल्या. वरची पेटी खालचीला निरोप देते. परक्या आवाजाला तुम्ही घाबराल म्हणून दिलवरने स्वतःचा आवाज भरला."

माथ्यावर दिलवर खडकाला टेकून बसला होता, घामाने चिंब. खांबावरची पेटी त्याच्या आवाजात बोलत होती. त्याचे ओठ मात्र मिटलेले.

"दादा!"

"तू कोण?" त्याने विचारलं. रविताला रडू फुटलं.

"साखर फार उतरली की असं भान जातं. साखर उतरवणारं इन्सुलिन घेऊन न जेवताच आलेला दिसतोय हा," ताई म्हणाल्या. तो घोट गिळू शकतो हे पाहून त्यांनी ग्लुकोजचं पाणी हळूहळू पाजलं.

बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, "रविता, शेळ्या कुठे गं?"

पेटी अजून बोलतच होती. रविता दचकली.

"साखर आधी रक्तात चढते," ताई म्हणाल्या. "पेशींभोवतीच्या पाण्यात पोचायला थोडा वेळ लागतो."

अखेर पेटी गप्प झाली.

"ताई, पलीकडच्या पाड्यातल्या निर्मीलाही दादासारखा मधुमेह आहे. साखर तपासायला ती तालुक्यापर्यंत चालत जाते."

"आता कमी खर्चात चकत्या बनतात. पेट्या तिकडे न्यायला कोणीतरी वाट दाखवायला हवं."

"मी दाखवते," रविता म्हणाली.

काही दिवसांनी निर्मी पेटीसमोर आपला आवाज भरायला बसली. तिला सारखं हसू येत होतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा भरावा लागला.