पाठीवरचं नाव

दोरीवर वाळत घातलेली नातीची जर्सी मालनाक्काला बघवेना. वाऱ्यावर चांगली फडफडायची सोडून ती भिजलेल्या मांजरासारखी लोंबत होती, आणि पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत छापलेलं 'दिवटे' हे नाव चुरगळून पार आत गेलं होतं.

"ह्याला जर्सी म्हणायचं?" ती सुनेला म्हणाली. "आपलं भांड्याचं फडकं बरं."

"आत्या, तिला हात लावू नका," सून आतूनच म्हणाली. "अन्वीनं दहादा बजावलंय. साध्या पाण्यात बुचकळायची, सावलीत वाळवायची. साबण नाही, इस्त्री नाही. जाणतं सूत आहे ते."

जाणतं सूत म्हणजे काय, हे इचलकरंजीत आता शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. साध्या सुताच्या मधून केसाहून बारीक, चांदीचा मुलामा दिलेला धागा विणलेला असायचा. मोज्यातला असा धागा समोरच्या पोरीच्या जर्सीतल्या धाग्याला भिडला, की दोघींच्याही खांद्यावर शिवलेला मणी लाल पेटायचा; जर्सीला जर्सी लागली तर नाही. कबड्डीत चढाईला जाणाऱ्या पोरीच्या हातमोज्यात आणि पायमोज्यात तेच सूत, अडवणाऱ्या पोरींच्या जर्सीत तेच. बोट लागलं की नाही लागलं, यावरून मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटली होती. ह्या सुतानं तो वादच मिटवला. नियमांच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलं गेलं, की कापड सांगेल ते खरं. पंच उरला शिट्टीपुरता.

वाद मिटला तशी आणखी एक गोष्ट मिटली, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी हात लागलेली पोर स्वतःच हात वर करायची आणि गुमान बाहेर जाऊन बसायची. पंचाला दिसलेलं नसलं तरी. आता खांद्यावरचा मणीच बोलतोय म्हटल्यावर आपण कशाला बोलायचं?

मालनाक्का शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. पण तिचं उभं आयुष्य सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला कांजी पाजतात त्या कारखान्यात गेलं होतं. सुताबद्दल तिला कुणी शिकवायला गेलं, की ती त्याला फैलावर घ्यायची. कांजीशिवाय सूत म्हणजे कण्याशिवाय माणूस, हे तिचं ठाम मत. आणि जाणतं झालं तरी शेवटी ते सूतच.

सून बाजाराला गेली तशी तिनं साबुदाण्याची दाट कांजी शिजवली. घामानं ढिली पडू नये म्हणून सायझिंगमधल्या सवयीनं तीत मेणबत्तीचा तुकडा वितळवला. सगळ्या जर्सीला नाही, फक्त पाठीला, नाव होतं तेवढ्या भागाला ती चोळचोळून लावली आणि वरून मंद इस्त्री फिरवली. मग जर्सी उभी धरून बघितली. दिवटे हे नाव कसं ताठ उभं राहिलं होतं. हे आता हॉलच्या शेवटच्या माणसालाही वाचता येईल, असं म्हणत तिनं घडी घालून ती अन्वीच्या पिशवीत ठेवली. सुनेला काही सांगितलं नाही. उगाच तोंड कोण वाजवणार.

जिल्ह्याचा अंतिम सामना इचलकरंजी आणि जयसिंगपूरच्या मुलींत होता. जिंकणारा संघ राज्याच्या शिबिराला जाणार होता, आणि अन्वी गेली दोन वर्षं त्या शिबिराशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. मालनाक्का पहिल्या रांगेत, पदर खोचून बसली होती. तिचं तोंड सुरू झालं, की आजूबाजूचे लोक सामना सोडून तिच्याकडं बघायचे, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"चौगुले मास्तर," पंच समोरून जाताना ती म्हणाली, "शिट्टीत दाणा हाय न्हवं? का नुसतीच फुंकणी?"

लोक हसले. चौगुले कसनुसं हसून पुढं गेले. एकेकाळी त्यांनी स्वतः मैदान गाजवलं होतं. आता दिवा लागला की शिट्टी वाजवायची, एवढंच त्यांचं काम होतं.

सामना रंगत गेला आणि शेवटच्या चढाईवर येऊन अडला. इचलकरंजीकडून मैदानात एकटी अन्वी उरली होती. चढाईला जयसिंगपूरची सानिया मुजावर. अन्वीला हात लावून ती परतली तर इचलकरंजीवर लोण चढणार आणि सामना जयसिंगपूरचा. न लावता परतली तर इचलकरंजीचा.

"अगं ए जयसिंगपूर," मालनाक्का ओरडली, "चढाईला निघालीस का दळण आणायला?"

सानियानं तिकडं बघितलंही नाही. एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत ती आत शिरली. अन्वी मागच्या कोपऱ्याकडं सरकली. सानियानं डावा पाय फेकला, तो चुकवायला अन्वी उजवीकडं वळली, आणि वळताना तिची पाठ उघडी पडली. सानियाचा हात लांबला. त्या हाताची बोटं 'दिवटे'च्या अक्षरांवरून फिरलेली मालनाक्काला दिसली. चांगली दिसली. पण मणी पेटला नाही. आणि मणी पेटला नाही म्हटल्यावर तिनं आपल्या डोळ्यांनाच खोट्यात काढलं.

सानिया मधली रेषा ओलांडून नाचायलाच लागली होती, तेवढ्यात तिची नजर स्वतःच्या खांद्यावर गेली. मणी काळाच होता. ती जागच्या जागी थांबली.

अन्वीचा हात मात्र उठला होता. जुनी रीत तिला कुणी शिकवलेली नव्हती. चटका बसल्यावर उठतो तसा तो आपोआप उठला आणि खांद्याशी येऊन घुटमळला.

चौगुल्यांनी शिट्टी ओठाशी नेली आणि खाली आणली. ते चालत अन्वीजवळ आले. "लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

तेवढं विचारायची त्यांना मुभा होती. खेळाडूनं स्वतः कबूल केलं तर तो बाद, ही जुनी ओळ पुस्तकातून कुणी खोडली नव्हती. वापरायची वेळच येत नसल्यामुळं ती तशीच राहून गेली होती.

मालनाक्का उठून उभी राहिली. "ओ मास्तर, कापड काय बोलतंय ते दिसत न्हाई व्हय? पोरीला कशाला विचारताय? शाळेत कुणी ऐकत न्हाई म्हणून आमच्या नातीला दमात घेताय? शेतातलं बुजगावणं बरं तुमच्यापरास. ते निदान गप उभं ऱ्हातंय." हॉलमध्ये हशा पिकला. तिला जोर चढला. "आणि अन्वे, तू हात खाली घे. दिवट्यांच्यात कुणी न मागता हात वर करत न्हाई."

अन्वीनं आजीकडं बघितलं. मागून लोकांनी 'कापड, कापड' असा गजर धरला होता. हात हळूहळू खाली आला.

"नाही लागलं, सर," ती मॅटकडं बघत म्हणाली.

चौगुल्यांनी शिट्टी वाजवली.

जयसिंगपूरच्या पोरी पंचांच्या टेबलाकडं धावल्या. कुणी रडत होती, कुणी मोजे आपटत होती. सानियानं दोघींना दंडाला धरून मागं ओढलं. "चला गं. शिट्टी झाली," ती म्हणाली. तिनं वाकून मधल्या रेषेला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि चौगुल्यांशी हात मिळवला. मालनाक्काला ते रुचलं नाही. जिंकल्याचा अर्धा आनंद समोरच्याच्या आदळआपटीत असतो, आणि ही पोरगी तेवढाही देईना.

मग सानिया अन्वीकडं आली आणि तिनं तिला मिठी मारली. दोघींच्या अंगावर अजून खेळातलेच कपडे होते. सानियाचा मोजा घातलेला पंजा अन्वीच्या पाठीवर, बरोबर नावावर पडला. तिनं दोनदा थोपटलं. मणी पेटला नाही. सोडताना हात घसरून कमरेवर आला आणि दोघींचे मणी लालभडक पेटले.

सानियाचा हात थबकला. तिनं तो पुन्हा वर नेला, नावावर दाबून धरला. अंधार. खाली आणला. उजेड. मग तिनं अन्वीच्या खांद्यावरून मान वर केली आणि तिची नजर पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीशी भिडली.

ती ओरडेल, सगळ्यांना बोलावून दाखवेल, अशी मालनाक्काची खात्री होती. तिनं स्वतः तेच केलं असतं. सानियानं हात काढून घेतला. "राज्याला गेलीस की असं उजवीकडं वळू नकोस," ती अन्वीला म्हणाली. "पाठ उघडी पडती." आणि आपल्या पोरींना घेऊन निघून गेली.

मालनाक्का खाली बसली. साबुदाण्याचा चिकट वास अजून बोटांना येत होता, की तिलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. सूत बहिरं झालं होतं, आणि तिनंच त्याच्या कानात मेण ओतलं होतं. आयुष्यभर सुतातलं कळतं म्हणून मिरवलेली बाई ती, आणि घरात सुनेचं एक वाक्य ऐकून घेता आलं नव्हतं. पण कांजीचं एक वेळ ठीक होतं. ती अजाणता लागली होती. तो हात मात्र तिनं बघून-सवरून खाली करायला लावला होता, भरल्या हॉलमध्ये, चार माणसं हसतायत या धुंदीत. आणि ज्या माणसानं खरं तेच विचारलं, त्याला बुजगावणं म्हणाली होती.

अन्वी करंडक काखोटीला मारून समोर आली. मैत्रिणी तिकडं फोटो काढत होत्या. तिनं आजीकडं बघितलं नाही. "चल आज्जी, घरी जाऊ."

"लागलं हुतं?"

"तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं," मालनाक्का म्हणाली.

"मग मला कशाला विचारतेस?"

"पाठीला मी कांजी केली, अन्वे. मेण घालून."

अन्वीनं हात मागं नेऊन पाठ चाचपली. कडक कापड बोटांखाली कुरकुरलं. तिचा चेहरा आजीला बघवला नाही.

"कशाला गं?"

"नाव नीट दिसावं म्हणून."

जाणत्या सुतात कुणी ढवळाढवळ केली, तर तो खेळाडू वर्षभर मैदानाबाहेर, हा नियम दोघींना माहीत होता; कांजी त्यात मोडेल, असं मालनाक्काला तेव्हा वाटलंच नव्हतं. केली कुणी आणि कशासाठी, हे नियम विचारत नव्हता. करंडक जाणार, शिबिर जाणार, आणि आज टाळ्या वाजवणारं गाव उद्या 'कांजीवाली दिवट्यांची पोर' म्हणून बोट दाखवणार. आणि गप्प बसलं तर? जर्सी एकदा गरम पाण्यात बुडवली, की कांजीही जाईल आणि मेणही. राहील ती एक सानिया, आणि तिनं तर तोंड उघडलेलं नव्हतं.

तेच मालनाक्काला सोसेना. त्या पोरीनं एक शब्द जरी तिच्या तोंडावर फेकला असता, तरी तिला उलट चार फेकता आले असते.

"तू घरी जा," ती म्हणाली.

"तू?"

मालनाक्कानं चपला बाकाखालीच सोडल्या आणि ती मॅटवर उतरली. पायाखाली ते मऊ लागलं. आजवर ह्या रेषांच्या आत ती कधी आली नव्हती, बाहेरूनच तोंड चालवलं होतं. चौगुले टेबलावरच्या वायरी गुंडाळत होते. मधल्या रेषेवर येऊन ती थांबली आणि तिनं हात वर केला, पूर्वी बाद झालेल्या पोरी करायच्या तसा सरळ.

"आक्का, आता कसला हात?" मागून कुणीतरी ओरडलं. "सामना कवाच संपला." दोन-चारजण हसले. आता तो हशा तिला सुईसारखा टोचला.

चौगुल्यांनी वर बघितलं. सवयीनं त्यांची नजर आधी तिच्या खांद्यावर गेली. तिथं साध्या सुती पातळाचा पदर होता. ना चांदीचा धागा, ना मणी.

"काय झालं, आक्का?"

"मास्तर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मघाशी तुम्ही बरोबर विचारलं हुतं. आता मला विचारा. पोरीचा ह्यात दोष न्हाई."

चौगुल्यांनी हातातली वायर टेबलावर ठेवली. ते तिच्याकडं बघत होते, आणि मग त्यांची नजर तिला ओलांडून मागं, घरी न गेलेल्या अन्वीकडं गेली आणि तिथंच थांबली. गळ्यातली शिट्टी त्यांनी हातात घेतली. दिवा कुठंच लागलेला नव्हता.

मालनाक्काचा हात भरून आला होता, पण तिनं तो खाली घेतला नाही. मागं वळून बघायचाही तिला धीर होईना. तिच्या पाठीमागं, त्या कडक झालेल्या जर्सीतून, आणखी एक हात वर झाला होता का?